पहिली कथा लिहू पाहणाऱ्यास

लिहिण्याची ऊर्मी टिकत नाही, ही तुमची तक्रार रास्त आहे. मात्र ऊर्मीची वाट पाहत बसण्यापेक्षा एखादी मुदत स्वतःवर लादून घ्यावी, असे मी सुचवेन. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि पुढे ही प्रथा रुजल्यामुळे मराठी लेखकाला दरवर्षी अशी मुदत आयतीच मिळते. अंक दिवाळीच्या तोंडावर बाजारात येत असला, तरी निवड, मुद्रितशोधन, चित्रे आणि छपाई यांत बराच काळ जात असल्यामुळे साहित्य त्याच्या कितीतरी आधी मागवले जाते. म्हणून कथेचा पहिला खर्डा उन्हाळ्यातच हातावेगळा झालेला बरा.

रोज ठरावीक वेळी बसावे, आणि उठताना शेवटचे वाक्य मुद्दाम अर्धवट सोडावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदाशी झटापट करावी लागत नाही. खर्डा आठवडाभर बाजूला ठेवून मग मोठ्याने वाचावा. जिथे जीभ अडखळते तिथे बहुधा वाक्यच लंगडे असते, आणि सगळी पात्रे एकाच सुरात बोलत असतील तर तेही आधी कानालाच कळते.

‘साभार परत’ हा शेरा मनाला लावून घेऊ नये. (हल्ली तेवढे कळवण्याची तसदीही अनेक जण घेत नाहीत.) कधी पाने भरलेली असतात, कधी त्याच विषयावरची दुसरी कथा आधीच स्वीकारलेली असते. नकार आल्यावर कथा दुसरीकडे पाठवावी, एकाच वेळी दोन संपादकांकडे मात्र नव्हे. आणि मानधनाच्या भरवशावर नोकरी सोडण्याची घाई तर मुळीच करू नये.