आइनस्टाइनला पुढे करण्याआधी

देवाधर्माच्या वादात नव्याने उतरतोयस, छानच. पण कट्ट्यावर ‘आइनस्टाइनसुद्धा देव मानायचा’ अशी सुरुवात करू नकोस. पुण्यात समोरचा लगेच तारीख विचारतो.

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

१. वाक्य कोणाला, कधी लिहिलं ते बघ. ‘देव फासे खेळत नाही’चं मूळ १९२६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्नला लिहिलेल्या पत्रात आहे. विषय क्वांटम यांत्रिकीचा, भक्तीचा नव्हे. १९२९ मध्ये आइनस्टाइनने तत्त्वज्ञ स्पिनोझाचा देव मानतो असं कळवलं. म्हणजे सृष्टीच्या सुसंगतीत दिसणारा, माणसांच्या कर्मांत लक्ष न घालणारा. १९५४ च्या पत्रात मात्र देव हा शब्द मानवी दुर्बलतेतून आल्याचं म्हटलं. दोन्ही बाजू सोयीचा तुकडा उचलतात. तू तिन्ही वाच.

२. ऐकीव गोष्टी नकोत. डार्विन मृत्युशय्येवर श्रद्धाळू झाला, ही कथा छापून आली १९१५ मध्ये, तो गेल्यावर ३३ वर्षांनी. त्याच्या मुलीने ती साफ नाकारली.

३. नाव म्हणजे पुरावा नव्हे. अब्दुस सलाम श्रद्धावान, वाइनबर्ग नास्तिक. १९७९ चं भौतिकीचं नोबेल ग्लॅशोसह दोघांना एकाच कामासाठी!

नारळीकरांचं नाव इथे हमखास निघतं. तेव्हा त्यांचं मत नको, चाचणी सांग: २७ ज्योतिषी, प्रत्येकाला ४० पत्रिका, मूल हुशार की मतिमंद एवढंच ओळखायचं. बरोबर उत्तरं ४६ टक्के. नाणं उडवूनही साधारण तेवढीच आली असती.

न्यूटन सध्या राहू दे. तो बायबलात बुडालेला, पण त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) न मानणारा. ते प्रकरण एका चहात संपत नाही.