ऑनलाइन सातबाऱ्यावरून वडिलांचं नाव गळलं

प्रश्न : सिंधुदुर्गात आमची हापूसच्या कलमांची सामायिक जमीन आहे. हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर काका आणि माझे वडील, दोघांचीही नावं आहेत. ऑनलाइन उताऱ्यावर फक्त काकांचं. वडील वारले. चुलतभावाने आता गिऱ्हाईक आणलंय. तलाठी म्हणतात, सिस्टीममध्ये नाव नाही. मी डोंबिवलीला असते. काय करू?

उत्तर : ताई, सातबारा ही महसुली नोंद आहे, मालकीचा दस्त नव्हे. जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 157 ती नोंद खरी धरतं, पण उलट शाबीत होईपर्यंतच. सिस्टीमने वडिलांचा हिस्सा बुडत नाही.

आधी नाव गेलं कसं ते शोधा, सगळी केस त्यावर फिरते. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करून शेवटचा हस्तलिखित सातबारा आणि त्यानंतरचे सगळे फेरफार (हक्कातल्या बदलांच्या नोंदी) काढा. नाव कमी करणारा फेरफारच नसेल, तर ती टाइप करतानाची चूक. (आपल्याकडच्या सामायिक उताऱ्यांवर नावांची ही जत्रा, एखादं गळलं तर नवल नाही.) मग तहसीलदारांकडे कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज करा. काकांनी चूक लेखी कबूल केली तर काम पुष्कळ सोपं होईल.

फेरफार सापडला, समजा वडिलांनी हक्क सोडल्याचा, तर 155 चा उपयोग नाही. प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) कलम 247 खाली अपील करावं लागेल. मुदत 60 दिवसांची, म्हणून सोबत विलंबमाफीचा अर्ज जोडा. हक्कसोडपत्र नोंदणीकृत होतं का, हे जरूर तपासा. नसेल तर तुमची बाजू भक्कम.

खरी घाई विक्रीची आहे. दस्त नोंदवणारे दुय्यम निबंधक मालकी तपासत बसत नाहीत. दस्त झाला की ई-फेरफार या ऑनलाइन प्रणालीत नोंद धरली जाते आणि नोटीस निघते ती सातबाऱ्यावर नावं असलेल्यांना. तुम्हाला ती येणारच नाही! तेव्हा तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांकडे आजच लेखी हरकत द्या, पोच घ्या. फोनवर सांगितलेलं धरू नका. गिऱ्हाइकाला रजिस्टर पोस्टाने कळवा, म्हणजे उद्या त्याला ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणता येणार नाही. पण हरकतीने विक्री थांबत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा आणि तूर्तातूर्त मनाईचा (निकालापर्यंत विक्री रोखण्याचा) अर्ज हवा. 155 चा निकाल लागेपर्यंत किंवा गणपतीत गावी जाईपर्यंत थांबू नका.

नाव परत लागलं तरी ते वडिलांचं असेल. मृत्यूदाखला जोडून वारस नोंदीचा वेगळा अर्ज ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून डोंबिवलीतूनही करता येतो. त्यात आई आणि सगळी भावंडं घाला. बहिणींची नावं कशाला, असं घरात कोणी म्हणालं तरी.