वाचकांचे प्रश्न : ड्रेसेजमध्ये स्वार नेमके काय करतो?

प्रश्न : ऑलिंपिकमधील ड्रेसेजचे प्रक्षेपण पाहिले. घोडा संगीतावर नाचत होता आणि स्वार मात्र नुसता ताठ बसून होता. यात पाहायचे काय आणि गुण कशाचे मिळतात?

उत्तर : घोडा संगीत ऐकून पावले टाकत नाही, त्याच्या चालीचा ठेका मोजून त्याला जुळेल असे संगीत स्वार निवडतो. ‘ड्रेसेज’ या मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थही घोड्याचे शिक्षण एवढाच आहे. स्वार स्वस्थ बसलेला दिसतो, यातच त्याचे कौशल्य आहे. बैठकीतील वजनाचा सूक्ष्म बदल, पोटरीचा हलका दाब आणि लगामावरील बोटांची किंचित हालचाल एवढ्या खुणांवर घोडा वळतो, थांबतो, चाल बदलतो, आणि ही खूण पाहणाऱ्याच्या जितकी कमी लक्षात येईल तितके स्वाराचे काम चांगले.

मोठ्या स्पर्धांचे मैदान ६० मीटर लांब व २० मीटर रुंद असते. त्याच्या कडेने अक्षरे लावलेली असतात. स्वार ‘ए’पाशी आत येतो आणि समोर ‘सी’पाशी एक परीक्षक बसलेला असतो. अक्षरांना वर्णमालेचा क्रम नाही, त्यामुळे ती पाठ करण्यावाचून नवशिक्याची सुटका नसते. ठरलेल्या प्रत्येक कृतीला ० ते १० गुण मिळतात व बेरजेची टक्केवारी काढली जाते. घरी बसून पाहताना घोड्याच्या मानेपेक्षा त्याच्या पायांकडे पाहावे : वॉक या सावकाश चालीत चार ठेके, ट्रॉट या दुडक्या चालीत दोन, कँटर या हलक्या दौडीत तीन. जवळजवळ जागच्या जागी ट्रॉट करण्याच्या ‘पिआफ’ या प्रकारात हा ठेका बिघडला, तर बाकीची ऐट मला तरी फारशी मोलाची वाटत नाही.

प्रश्न : मी सहा महिने घोडेस्वारी शिकत आहे. शिक्षक रोज वीस मीटर व्यासाचे वर्तुळच काढायला लावतात. पुढचे प्रकार कधी येणार?

उत्तर : आपले वर्तुळ खरोखर गोल होते का, हे आधी पाहावे. बहुतेक नवशिके घोडा वळावा म्हणून आतला लगाम ओढतात. त्याने मान वळते, पण बाहेरचा खांदा निसटतो आणि वर्तुळाचे अंडे होते. आतला पाय तंगापाशी, म्हणजे खोगीर आवळणाऱ्या पट्ट्यापाशी, ठेवून घोड्याला त्याच्याभोवती वाकवावे, बाहेरचा पाय किंचित मागे नेऊन मागचा भाग सावरावा आणि मान किती वळेल याची मर्यादा बाहेरच्या लगामाने घालावी. नजर पाव वर्तुळ पुढे असावी. वर्तुळावर चार बिंदू मनाशी ठरवून प्रत्येक बिंदूवरून घोडा नेमका जातो का हे तपासले, तर कंटाळा यायला सवड उरणार नाही.

शिक्षणाची रूढ पायरीही हेच सांगते : आधी लय, मग लवचीकपणा, लगामाशी स्थिर संपर्क, मागच्या पायांतून येणारा जोर, सरळपणा आणि अखेर वजन मागे घेऊन आटोपशीर चाल. अठराव्या शतकातील फ्रेंच अश्वशिक्षक ग्वेरिनिएर यांनी नावारूपाला आणलेला ‘शोल्डर-इन’ हा घोड्याचे खांदे आत घेऊन चालवण्याचा प्रकार घ्या. वर्तुळावर कमावलेला बाक तेथे सरळ रेषेत टिकवायचा असतो. ज्याच्याकडे तो बाकच नाही, त्याने टिकवायचे काय?

प्रश्न : या खेळात स्त्रियांची स्पर्धा वेगळी असते का? पायांत ताकद कमी असल्यास अडते का?

उत्तर : ऑलिंपिकमध्ये स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत उतरतात. या खेळात स्त्रियांना तेथे प्रथम प्रवेश मिळाला तो १९५२ साली हेलसिंकीत, आणि त्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी वैयक्तिक रौप्यपदक जिंकले. पोलिओमुळे त्यांचे पाय गुडघ्यांखाली अधू झाले होते आणि घोड्यावर चढण्या-उतरण्यास त्यांना मदत लागत असे.