पतपेढीच्या भिंतीवरचे नगराध्यक्ष

प्रश्न : सर, आमच्या कंपनीच्या पतपेढीवर मी नुकतीच संचालक म्हणून निवडून आले. ऑफिसात एका गोऱ्या गृहस्थांची जुनी तसबीर आहे, खाली फक्त ‘रायफायझन’ लिहिलंय. सचिव म्हणतात, ते जर्मनीतल्या एका छोट्या गावचे नगराध्यक्ष होते. नगराध्यक्षाचा कर्जवाटपाशी काय संबंध? आणि तिकडचा नगराध्यक्ष आपल्या महापौरांसारखाच असतो का?
— एक वाचिका, भांडुप

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. लालबागला कामगारांच्या पतपेढीत मी आधी कारकून आणि मग सचिव म्हणून उभी हयात काढली, पण ‘हे कोण?’ असं कुठल्या नव्या संचालकानं मला विचारलं नाही. जी.डी.सी. अँड ए.च्या, म्हणजे सहकार आणि हिशेबाच्या सरकारी पदविकेच्या, परीक्षेसाठी त्यांची तत्त्वं मीही घोकली होती. माणूस मात्र मला पुष्कळ उशिरा कळला.

फ्रिडरिश विल्हेल्म रायफायझन यांचा जन्म 1818चा, ऱ्हाइन नदीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ मुलखातल्या हाम या गावचा. तरुणपणी ते तोफखान्यात होते. डोळे अधू झाले म्हणून लष्कर सोडावं लागलं. मग सरकारी कचेरीत नोकरी, आणि 1845 साली, वयाच्या 26व्या वर्षी, वायरबुशचे ‘बुर्गर्माइस्टर’. आपण नगराध्यक्ष म्हणतो ते सोयीसाठी. तेव्हा निवडणूक नव्हती, प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याचं सरकार नेमणूक करायचं, आणि हाताखाली शहर नव्हे तर विखुरलेली गरीब खेडी. तहसीलदाराचं आणि सरपंचाचं काम एकाच्याच गळ्यात, असं ते पद.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच देऊन टाकतो. आपल्या महापौरांना नगरसेवक निवडतात, मुदत अडीच वर्षं, आणि कारभाराच्या किल्ल्या सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे. रायफायझन यांचा मुलूख आज ऱ्हाइनलँड-फाल्ट्स राज्यात येतो. तिथे पूर्णवेळ नगराध्यक्षाला लोक थेट निवडतात, तेही 8 वर्षांसाठी, आणि प्रशासनाचा प्रमुखही तोच असतो. अगदी लहान गावांत हे पद मानद असतं, 5 वर्षांचं. म्हणजे महापौर आणि आयुक्त या दोघांची कामं तिकडे एकाच माणसाकडे.

आता कर्जाचं. रायफायझन वायरबुशला आले आणि दुसऱ्याच वर्षी दुष्काळ पडला. बटाट्यावर रोग, धान्यही पिकलं नाही. 1846–47च्या त्या हिवाळ्यात सरकारने पीठ पाठवलं, पण हुकूम असा की रोख मोजेल त्यालाच द्यायचं. रोख होती कुणाकडे? रायफायझन यांनी हुकूम बाजूला ठेवून पीठ उधारीवर वाटलं. गावच्या सुखवस्तू लोकांकडून पैसा उभा केला, गावाची भट्टी बांधली आणि स्वस्तात पाव दिला. सरकारी खुर्चीवरच्या तरुण माणसाने हे केलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

1848 साली बदली झाली फ्लामर्सफेल्डला. तिथले शेतकरी जनावरांच्या व्यवहारात सावकाराकडे अडकलेले. मग पुढच्या वर्षी मदत संस्था काढली. संस्थेने जनावर घ्यायचं आणि शेतकऱ्याने हप्त्याहप्त्याने पैसे फेडायचे. 1852 साली हेडसडॉर्फ, आणि दोन वर्षांनी तिथेही संस्था. पण या सगळ्यांत पैसा घालणारे वेगळे आणि घेणारे वेगळे. देणाऱ्यांचा उत्साह ओसरला की संस्था बसायची. ख्रिस्ती धर्मातल्या परोपकारावर रायफायझन यांची गाढ श्रद्धा, त्यामुळे दानधर्मावर संस्था टिकत नाही हे मान्य करायला त्यांना दहाएक वर्षं लागली. 1864 साली त्यांनी हेडसडॉर्फला जी कर्जसंस्था काढली तिचा नियम असा की कर्ज हवं असेल त्याने आधी सभासद व्हायचं, आणि संस्था बुडाली तर सगळ्यांनी मिळून भरायचं. क्षेत्र लहान, म्हणजे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. पदाधिकाऱ्यांना पगार नाही, नफा राखीव निधीत.

पुढच्याच वर्षी दृष्टी फारच अधू झाल्याने पद सोडावं लागलं. वय 47. निवृत्तिवेतन तुटपुंजं. घर चालवायला आधी चिरूट बनवण्याचा आणि मग वाइनचा धंदा केला. पत्रव्यवहार मुलगी अमाली लिहून द्यायची. त्यांच्या कर्जसंस्था गावोगाव पसरल्या त्या या काळात. 1888 साली ते गेले.

आपल्याकडे 1875 साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, ते तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. सरकारला कर्जाचा प्रश्न तेव्हापासून सतावत होता. मद्रासचे अधिकारी फ्रेडरिक निकोल्सन यांनी युरोपातल्या संस्था पाहून अहवाल दिला, त्याचं सार ‘आपला रायफायझन शोधा’ असं होतं. 1904चा सहकारी पतसंस्था कायदा त्यातूनच आला. गावच्या संस्थांना अमर्याद जबाबदारीचा, म्हणजे संस्था बुडाली तर सगळ्यांनी मिळून भरण्याचा, नियम लागला, तो थेट हेडसडॉर्फचा. शहरातल्यांना मर्यादित, म्हणजे आपल्या भागापुरत्याच, जबाबदारीची मोकळीक होती, ती वाट शुल्झे-डेलिच या दुसऱ्या जर्मनाची. तुमची पतपेढी खरं तर त्या वाटेवरची. तरी तसबीर रायफायझन यांची लावली, हे ज्याने केलं त्याने योग्यच केलं असं मला वाटतं.

असं का वाटतं, ते सांगतो. 1982च्या गिरणी संपात आमच्या सभासदांचे पगार थांबले, म्हणजे पगारातून होणारी हप्त्याची कपातही थांबली. थकबाकी वाढतच गेली. एके दिवशी साचेखात्यातला, म्हणजे गिरणीच्या विणकाम खात्यातला, एक सभासद खिडकीशी आला. रेशनकार्डाच्या घडीत दहाच्या चार नोटा. मी म्हटलं, ‘अहो मामा, संप आहे, राहू द्या सध्या.’ ते म्हणाले, ‘मी नाय भरला तर जामीनदाराच्या मानेवर बसंल. त्योबी संपातच हाय.’ त्या चाळीस रुपयांची पावती मी फाडली. जामीनदार त्यांच्याच चाळीत, दोन खोल्या सोडून राहायचा.

ताई, कर्ज समितीत अर्ज समोर आला की रकमेआधी जामीनदारांचा रकाना वाचत जा. आणि तसबिरीखाली नाव पुन्हा रंगवायला घ्याल तेव्हा ‘वायरबुश, फ्लामर्सफेल्ड, हेडसडॉर्फ’ ही तीन गावंही लिहून घ्या.