लग्नाच्या मिक्सिंगसाठी एडियस सोडून डाविंची रिझॉल्व्हवर जावं का? व्यावसायिक कामाला ते पुरतं का?

चोपड्याला तुमचं मिक्सिंगचं, म्हणजे लग्नाचे व्हिडिओ कापून-जोडून देण्याचं दुकान आहे, तुमचा हात एडियस या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर बसलाय आणि भागीदार म्हणतोय, ‘सगळे डाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर गेले, आपणच मागे राहिलो.’ म्हणून तुम्ही विचारताय की ते पुरेल का.

पुरतं. मोठमोठ्या सिनेमांचं कलर, म्हणजे रंग सुधारण्याचं काम, त्यावर होतं, लग्नाला का नाही पुरणार? पण तुमच्या भागीदाराचं ते वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचा स्टुडिओ भुसावळला. भागीदार माझा मावसभाऊ, वयाने मोठा, सगळे त्याला दादाच म्हणतात. ऑर्डर घेणं, गिऱ्हाईक सांभाळणं, उधारी वसूल करणं त्याच्याकडे. मशीनवर मी आणि दोन मुलं. एका वर्षी ऐन सीझनमध्ये, आखाजीच्या तोंडावर, दादा पुण्याहून एक डेमो बघून आला. रिझॉल्व्हचा नव्हे, दुसऱ्याच एका सॉफ्टवेअरचा. डेमोत काय होतं? नवरीचा एक क्लोजअप, खिडकीतून येणारा मऊ उजेड, मागचं सगळं धूसर. दोन क्लिक केले की चेहरा उजळला. दादा तिथेच ठरवून आला. दुसऱ्या दिवशी मुलांना सांगितलं, जुनं काढून टाका, आजपासून सगळं यावर. मला विचारलंसुद्धा नाही.

मी तेव्हा रावेरच्या एका केळीवाल्यांच्या घरचं लग्न कापत होतो. तीन कॅमेरे, ड्रोन, वर पाहुण्यांच्या मोबाइलमधल्या क्लिपा. मांडवात डीजेचे लाल-हिरवे लाइट, मागे एलईडी वॉल, म्हणजे रंगाचा पत्ता नाही. टाळी लागायच्या, म्हणजे शेवटच्या अक्षता पडायच्या नेमक्या वेळी मधल्या कॅमेऱ्यासमोर नवरीचे मामा अक्षतांची पिशवी घेऊन उभे राहिलेले. तो क्षण मी बाजूच्या कॅमेऱ्यातून आणि एका पाहुण्याच्या मोबाइलमधून जोडून काढला होता. मोबाइलचा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं घेतो ते, एकसारखा नसतो, उजेड कमी झाला की तोही खाली येतो. क्लिप लांब असली की ओठ आणि आवाज हळूहळू फाटत जातात. म्हणून त्या क्लिपचे तुकडे करून एकेक तुकडा मंगलाष्टकांच्या आवाजावर बसवला होता. हे काम डेमोत कोणी दाखवत नाही.

दादा म्हणाला, ‘प्रोजेक्ट इकडून तिकडे जातं, मी डोळ्यांनी बघितलंय.’ जातं ना. ईडीएल, म्हणजे कटांची यादी, काढली की कुठल्या क्लिपचा तुकडा कुठून कुठपर्यंत घेतला, कट कुठे आणि डिझॉल्व्ह (एक चित्र विरघळत दुसरं येणं) कुठे, एवढंच जातं. थरावर थर लावलेली टाइमलाइन असेल तर तीही धड जात नाही. एक्सएमएल, एएएफ या दुसऱ्या तशाच फाइलींमधून थोडं जास्त जातं, पण प्लगइन (वरून जोडलेली साधनं), टायटल आणि बरेचसे इफेक्ट तिथेही मागेच राहतात. माझं अर्धं लग्न उघडलं ते नुसते कट घेऊन उघडलं.

त्याहून वाईट म्हणजे नावं. नव्या टायटलमध्ये मराठी टाकलं की जोडाक्षरं फुटायची, पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाऊन बसायची. नावांच्या जुन्या पट्ट्या आम्ही ज्या फॉन्टमध्ये बनवल्या होत्या तो युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखा चालणारा, नव्हता, त्यामुळे तो मजकूर चिकटवला तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. खान्देशातल्या लग्नात ही बारीक गोष्ट नाही. काकांचं, आबांचं नाव चुकलं की पेन ड्राइव्ह परत येतो आणि राहिलेले पैसे अडकतात. नवरदेवाचा मोठा भाऊ माझ्यामागे खुर्ची टाकून बसला होता. पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, ‘भाऊ, मना काकानं नाव असं कसं व्हयनं?’ त्याला मी टेक्स्ट इंजिन, म्हणजे सॉफ्टवेअरचा अक्षरं जुळवणारा भाग, समजावून सांगू?

मूळ प्रोजेक्ट मी घरच्या लॅपटॉपवर ठेवलं होतं. रात्री त्यावर काम पूर्ण केलं, भुसावळच्या उकाड्यात, कूलर माणसांकडे नाही तर मशीनकडे फिरवून. लग्न वेळेत गेलं. आणि महिन्याभराने घरच्याच एका कार्यक्रमात दादा चारचौघांत म्हणाला, ‘याला नवीन काही झेपत नाही.’

हे मला अजून लागतं, कारण ते खोटं आहे. लीनियर एडिटिंगच्या, म्हणजे टेपवरून टेपवर एडिटिंग करायच्या काळात दोन व्हीसीआर आणि मिक्सर घेऊन मी सुरुवात केली, मग कॅप्चर कार्ड, मग एचडी, सगळं शिकत आलो. नवं आलं म्हणून मी कधी नाही म्हटलं नाही. माझे प्रश्न साधे होते: मल्टिकॅम (अनेक कॅमेरे एकत्र लावून कापणं) कसं चालतं, नावं नीट उमटतात का, जुनं काम उघडतं का. हे विचारणाऱ्याला जुनाट म्हणायचं?

2011 मध्ये हेच जगभर झालं होतं. त्या जूनमध्ये ॲपलने फायनल कट प्रो टेन हे एडिटिंगचं नवं सॉफ्टवेअर आणलं. मल्टिकॅम नाही, एक्सएमएल नाही, ईडीएल नाही, साउंडवाल्याकडे पाठवायला ओएमएफ फाइल नाही आणि आधीच्या फायनल कटची प्रोजेक्ट उघडत नाहीत. वर जुन्याची विक्रीही थांबवलेली. सीरियल आणि सिनेमे कापणारी मंडळी भडकली, तर त्यांनाही हेच ऐकवलं गेलं की तुम्हाला बदल नकोय. मग काय झालं? सप्टेंबर 2011 मध्ये एक्सएमएल आलं, जानेवारी 2012 मध्ये मल्टिकॅम आलं. म्हणजे तक्रार करणारे जे मागत होते तेच कंपनीला द्यावं लागलं. त्यांच्या ओरडण्यानेच ते सॉफ्टवेअर कामाचं झालं. दादाला मी हे अनेकदा सांगितलंय. तो विषय बदलतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सॉफ्टवेअर पुरतं की नाही हे रात्री मशीनवर बसणाऱ्याने ठरवायचं. डेमो बघून आलेल्याने नाही आणि पैसे घालणाऱ्यानेही नाही. पैसे त्याचे असतील, पण गिऱ्हाईक मागे खुर्ची टाकून बसतं तेव्हा उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

आता रिझॉल्व्हचं. एडियस बराचसा भार प्रोसेसरवर टाकतं, आणि वेगवेगळ्या फॉरमॅटच्या क्लिपा एकाच टाइमलाइनवर न बदलता चालवणं ही त्याची खरी ताकद. रिझॉल्व्हला दमदार ग्राफिक्स कार्ड लागतं. म्हणजे सॉफ्टवेअर फुकट, पण मशीन नवं. हा खर्च भागीदाराने धरलाय का, विचारा. फुकटच्या आवृत्तीत अल्ट्रा एचडीच्या (फोर के) वर एक्सपोर्ट होत नाही आणि नॉइज रिडक्शन, म्हणजे अंधारातल्या चित्रातले दाणे काढणं, नाही. रात्रीच्या वरातीला ते लागतंच. विंडोजवर मी फुकटची आवृत्ती वापरून पाहिली तेव्हा नव्या कॅमेऱ्यांच्या दहा बिट 4:2:2 (जास्त रंग साठवणाऱ्या) क्लिपांचा नुसता आवाज यायचा, चित्र नाही. स्टुडिओ ही विकतची आवृत्ती एकदाच 295 डॉलर देऊन मिळत आलीय, ॲडोबीच्या प्रीमियर या सॉफ्टवेअरसारखं दर महिन्याचं भाडं नाही. हा मोठा फायदा, तो मी नाकारत नाही. रंगाचं काम तर एडियसपेक्षा कितीतरी सरस.

घ्यायचंच असेल तर आधी तुमचं सगळ्यात अवघड लग्न काढा, ज्यात मोबाइल क्लिपा आहेत, लाइट घाण आहेत, नावं भरपूर आहेत. ते पहिल्या कटापासून पेन ड्राइव्हपर्यंत नव्यावर करून बघा. नावांत ‘ज्ञानेश्वर’, ‘कृष्णा’, ‘चिंतामण’ टाकाच. प्रीमियरवर गेलात तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन साउथ एशियन करायला विसरू नका. आणि हे ऐन सीझनमध्ये नाही. पेरणीच्या तोंडावर कोणी बैलजोडी बदलत नाही. चातुर्मासात लग्नं थांबतात, तेव्हा बसा.

एक सांगायचं राहिलं. मी स्वतः आता गाण्यांचं कलर रिझॉल्व्हवरच करतो. अहिराणी गाण्यांचं काम वाढलंय; चार मिनिटांचं गाणं असतं, तिथे ते उत्तम. लांब लग्न मात्र एडियसवरच कापतो. दोन्ही ठेवता येतात, एक काढूनच दुसरं घ्यावं असं काही नाही. तुम्ही फक्त प्री-वेडिंग आणि ट्रेलर करत असाल तर माझं वरचं बरंचसं तुम्हाला लागू नाही, सरळ जा.

आणि हाताखाली मुलं असतील तर त्यांना शिकायला वेळ द्या, पगारासकट. ऑर्डरचं काम त्या दिवसांत त्यांच्या अंगावर टाकू नका. आमच्या मुलांना दादाने एक दिवसही दिला नव्हता, आणि उशीर झाला तेव्हा पैसे त्यांचे कापले.