मुलांच्या संस्था नक्की करतात तरी काय? एका झेरॉक्सवाल्याचं उत्तर

तुम्ही विचारलंय की बालहक्कवाल्या संस्था प्रत्यक्षात काय करतात, की वह्या वाटून फोटो काढण्यापुरत्याच असतात, आणि पैसे द्यायचे तर काय बघून द्यायचे. आधीच सांगतो, मी कुठल्या संस्थेत नाही. दापोलीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पण एका छोट्या संस्थेच्या ताई गेली आठ-नऊ वर्षं आठवड्यातून दोन-तीनदा तरी माझ्या काउंटरवर असतात, त्यामुळे त्यांचं काम मला कागदांच्या बाजूने दिसलेलं आहे. आणि माझं स्पष्ट मत असं झालंय की हे काम निम्म्याहून जास्त कागदांचंच आहे.

कसं ते सांगतो. मुलांचे कायदे बघा, सगळं वयावर टांगलेलं. शाळेचा हक्क ६ ते १४, कामावर ठेवायला बंदी १४ च्या आत, मुलीचं लग्न १८ च्या आत नाही, पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, तोही १८ च्या आत. आता ज्या पोराचं वयच कुठे लिहिलेलं नाही त्याला यातलं काय लागू होणार? आमच्याकडच्या कातकरी आदिवासींच्या वाड्यांवर अशी पोरं अजून सापडतात, घरीच जन्मली, नोंद राहून गेली. एक वर्ष उलटल्यावर जन्माची नोंद करायची तर मॅजिस्ट्रेटची ऑर्डर लागते, त्याला अ‍ॅफिडेव्हिट, पंचायतीचा नोंद नसल्याचा दाखला, आणि रोजावर जाणाऱ्या माणसाने त्यासाठी तीन-चार दिवस बुडवायचे. कोण बुडवेल? मग ताई जातात बरोबर, कधी कधी मुलाच्या आजीला रिक्षात घालून आणतात आणि माझ्या स्टुलावर बसवून अंगठे घेतात.

एका मुलीचं सांगतो, नाव-गाव काही लिहीत नाही. दिवाळी झाली की हे लोक वीटभट्टीवर नाहीतर घाटावर कोळसा पाडायला जातात ते पावसाच्या तोंडावर परत येतात. ही पोरगी दरवर्षी आईबापाबरोबर जायची, परत आली की शाळेत मागे पडलेली असायची. एका वर्षी दुसऱ्या गावच्या शाळेत घालायचं ठरलं तर तिथे सांगितलं दाखला आणा, टीसी आणा, मग बघू. शाळेचं नाव घेत नाही, तिथले गुरुजीही काही वाईट नव्हते, सवय असते आपली. ताईंनी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ माझ्याकडून छापून नेलं, त्यात साफ लिहिलंय की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही. तेव्हापासून त्यांच्या पिशवीत त्या पानाच्या झेरॉक्स कायम असतात, संपल्या की दहा मारून नेतात. भांडत नाहीत हां, पान टेबलावर ठेवून चहा येईपर्यंत बसून राहतात.

पुढच्या हंगामात त्या मुलीला आजीकडेच ठेवायचं ठरलं. आजी म्हणाली, "मी ठेवतंय, पन तिला खायला काय घालू?" म्हणजे शाळा हा प्रश्न शेवटी तांदळावर येऊन थांबला. रेशन कार्डात नाव घालणं, ते परत माझ्याकडे. जी मुलं बाहेर जातातच त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड असतं, ते घेऊन तिकडच्या शाळेत बसता येतं, पण कार्ड पिशवीत घालून देणारं आणि तिकडे फोन करून विचारणारं कुणी असेल तरच.

दुसरा प्रकार एकट्या सापडलेल्या मुलांचा. हर्णै बंदर जवळ, बोटींवर आणि आंब्याच्या बागांमध्ये नेपाळी माणसं बरीच. मागे एक पोरगा दोन दिवस एसटी स्टँडवर दिसत होता, बोटीवरून पळालेला, मराठी येत नाही. बोटवाला म्हणे अठराचा आहे, पोरगा म्हणे तेरा. कुणीतरी १०९८ लावला. (ही हेल्पलाइन १९९६ ला मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रोजेक्टमधून सुरू झाली, बरीच वर्षं संस्थाच चालवत होत्या, २०२३ पासून सरकारकडे गेलीय आणि ११२ ला जोडलीय. नंबर तोच, फुकट लागतो, सेव्ह करून ठेवा.) अशा मुलाला २४ तासांत बालकल्याण समितीसमोर न्यावं लागतं, एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, मुलाला कुठे ठेवायचं ते ही समिती ठरवते. लोकांना वाटतं संस्था मुलाला उचलून घेऊन जाते. तसं करताच येत नाही, आणि करत असेल तर तीच संस्था संशयास्पद. वयाचा वाद झाला की आधी शाळेचा दाखला बघतात, मग जन्मदाखला, काहीच नसेल तर हाडांची टेस्ट. पुन्हा कागदच. ताई आणि नेपाळीत बोलू शकणारा बागेतला एक गुरखा त्याच्याबरोबर रत्नागिरीला गेले, जाऊन-येऊन पूर्ण दिवस. पोरगा नंतर घरी पोचला असं कळलं.

बालविवाहाचंही तसंच. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, हेच निम्म्या गावाला माहीत नसतं. लग्न थांबवलं की पेपरात बातमी येते, पण दोन महिन्यांनी मामाच्या गावी गुपचूप उरकतात त्याची येत नाही. म्हणून थांबवल्यानंतरच्या वर्षभराच्या चकरा हेच खरं काम, असं ताई म्हणतात, आणि मला ते पटलंय. पोक्सोच्या बाबतीत मात्र त्या चहापाण्याला बसत नाहीत. तिथे माहीत असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि "गावात मिटवू" म्हणणारे पहिल्या तासाभरात येतात.

आणि सगळी मुलं आश्रमात नसतात हो. बाप वारला, आई कोळंबी सोलायला जाते, अशा मुलाला घरातच ठेवून महिन्याला २२५० रुपये मिळायची योजना आहे, बालसंगोपन. एक पालक असला तरी बसते. तिचे फॉर्म मी ढिगाने भरलेत. मृत्यूदाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, आणि एका नावात काना चुकला की फाइल परत. मला विचाराल तर शंभर मुलांचं वसतिगृह बांधण्यापेक्षा शंभर फायली पास करून आणणारी संस्था मोठी, पण तिचं उद्घाटन होत नाही.

अठरा पूर्ण झालेल्यांचं कुणीच विचारत नाही. बालगृहातून बाहेर पडल्यावर २१ पर्यंत अनुरक्षणगृहाची, म्हणजे पायावर उभं राहीपर्यंत राहायची, सोय कायद्यात आहे, आणि अनाथ प्रमाणपत्र असेल तर २०१८ पासून राज्यात १ टक्का आरक्षणही. पण प्रमाणपत्र मुलाच्या हातात असायला हवं ना.

आता पैशाचं. बालगृह असेल तर बाल न्याय कायद्याखाली नोंदणी आहे का ते विचारा, २०१५ च्या कायद्यात कलम ४१ आहे, नुसतं ट्रस्टचं सर्टिफिकेट चालत नाही. ओशाळले किंवा चिडले तर परत या. मुलांचे चेहरे टाकून पैसे मागत असतील तर देऊ नका. यात मीही चुकलोय, एका वाढदिवसाचा फ्लेक्स छापला होता, 'निराधार बालकांना फळवाटप', खाली बारा मुलांचे क्लोजअप. ताई दुकानात येऊन इतक्या बोलल्या की गिऱ्हाईकं बघत राहिली. समितीपुढे आलेल्या मुलाची ओळख उघड करायला कायद्यानेच बंदी आहे, आणि कायदा सोडा, त्यातला एक मुलगा आमच्याच गल्लीतल्या शाळेत होता, त्याला आठवडाभर पोरं केळेवाला म्हणत होती.

आणि "पगारावर खर्च किती?" हा प्रश्न विचारून नाक मुरडू नका. वरचं सगळं काम म्हणजे पगार आणि प्रवासच आहे, दुसरं काय आहे त्यात? मी एकदा ताईंना म्हटलं दिवाळीला मुलांसाठी काहीतरी देतो, तर म्हणाल्या, "दादा, कपडे खूप येतात, रत्नागिरीच्या दोन तिकिटांचं बघा." तेव्हापासून महिन्याची दोन तिकिटं माझ्याकडे, आणि जन्मदाखल्याच्या झेरॉक्सचे पैसे घेत नाही.