चाळिशीनंतर फ्रेंच बोलायला शिकता येतं का? अ‍ॅपवर दोन वर्षं शिकतोय, वाचता येतं, पण तोंडच उघडत नाही. क्लास लावू की सरळ परीक्षा देऊ?

येतं. मी ४१व्या वर्षी सुरुवात केली, आता ४७ चालू आहे, आणि कामानिमित्त आठवड्यातून दोनदा तरी फोनवर फ्रेंचमध्ये बोलते. उच्चार अजून परकाच आहे. पहिल्या वाक्यातच समोरच्याला कळतं की ही बाई बाहेरची. त्यानं आजवर कुणाचं काही अडलेलं नाही.

तुमच्या प्रश्नात मला वयापेक्षा ‘वाचता येतं, पण’ हे जास्त खटकलं, कारण माझंही नेमकं हेच झालं होतं. दोन वर्षं क्लास केला होता, वह्या भरल्या होत्या, क्रियापदांचे तक्ते तोंडपाठ होते. मग ल्यों शहरातल्या एका सहकाऱ्याशी पहिल्यांदा फोनवर बोलायची वेळ आली. तो बोलत होता आणि दर दोन वाक्यांनी ‘शेपा’ म्हणत होता. शेपा असं, शेपा तसं. माझा समज असा झाला की शेपा नावाचा कुणी माणूस आहे आणि त्याच्यामुळे काम अडलंय. फोन ठेवल्यावर शब्दकोशातही शोधलं. शेवटी क्लासच्या बाईंना विचारलं तेव्हा त्या खूप वेळ हसल्या. ते होतं ‘ज न से पा’, म्हणजे ‘मला माहीत नाही’. हे वाक्य मला पहिल्या महिन्यापासून येत होतं! फक्त मी ते चार शब्दांचं म्हणून ओळखत होते आणि तो गृहस्थ दोन अक्षरांत उरकत होता.

तर मुद्दा असा: फ्रेंच तुम्ही डोळ्यांनी शिकलात. मोठी माणसं तशीच शिकतात, कारण छापलेल्यावर आपला विश्वास असतो. आणि ही भाषा डोळ्यांनी शिकणाऱ्याला चांगलीच फसवते. आपणही ‘केले’ लिहितो आणि ‘केलं’ म्हणतो, पण तिथलं अंतर फार मोठं आहे. ‘वीस’ या अर्थाच्या शब्दात पाच अक्षरं आहेत, ऐकू येतं नुसतं ‘वँ’. मधला ‘जी’ लॅटिनमधून आलेला, तो शेकडो वर्षं कुणी उच्चारत नाही, तरी लिहायचाच. १६३५ साली स्थापन झालेल्या फ्रेंच अकादमीनं १६९४ मध्ये पहिला शब्दकोश काढला, तेव्हा जुन्या लेखनाकडेच कल ठेवला. बोलणं पुढे निघून गेलं, कागद मागे राहिला.

यातली चांगली बातमी मला फार उशिरा कळली. बोलण्यातलं व्याकरण कागदावरच्या व्याकरणापेक्षा बरंच लहान आहे. ‘बोलणे’ हे क्रियापद घ्या. मी बोलते, तू बोलतोस, तो बोलतो, ते बोलतात: कागदावर शेपट्या वेगवेगळ्या, तोंडात सगळीकडे ‘पार्ल’. ‘आम्ही’साठी पुस्तकात ‘नू पार्लों’ असतं, पण गप्पांमध्ये लोक बहुतेक वेळा ‘ऑं पार्ल’ म्हणतात. हा ‘ऑं’ म्हणजे आपला ‘आपण’च समजा. ‘आपण जाऊ या’मधलाही आणि ‘आपण काही बोललो की लोकांना राग येतो’मधलाही. मग वेगळं उरलं काय? तुम्हीचं ‘वू पार्ले’. सहा खणांचा तक्ता आणि ऐकू येणारी रूपं दोन! सगळी क्रियापदं इतकी गरीब नसतात. असणे, जवळ असणे, जाणे, करणे ही चार तर चांगलीच वाकडी आहेत, ती घोकावीच लागतात. पण फ्रेंचमधली बहुतेक क्रियापदं ‘पार्ल’च्या गटातली आहेत.

काळांचंही तेच. रोजच्या बोलण्याला वर्तमान, दोन भूतकाळ (एक ‘मी केलं’चा, एक ‘मी करायचो’चा) आणि ‘मी करणार आहे’ छापाचा भविष्यकाळ एवढे पुष्कळ झाले. कादंबऱ्यांत दिसणारा तो साधा भूतकाळ बोलताना कुणी वापरत नाही. मी त्याच्यावर एक अख्खा उन्हाळा घालवला. नकारातला ‘न’ बोलताना गळतो, नुसता ‘पा’ उरतो. ‘तिथे आहे’चं ‘इल या’ नुसतं ‘या’ होतं, ‘मी आहे’चं ‘ज स्वी’ घाईत ‘श्वी’ होतं. हे गावंढळ फ्रेंच नव्हे. शिकलेसवरलेले लोकही असंच बोलतात, फक्त लिहीत नाहीत.

मग मी काय केलं ते सांगते. वाचणं थांबवलं नाही, क्रम उलटा केला. एक मिनिटाचा ध्वनी घ्यायचा, मजकूर न बघता पाच-सहा वेळा ऐकायचा, मग त्याच्या जोडीनं, त्याच वेगात, अर्थ कळो न कळो, तोंडानं म्हणायचा. आणि सगळ्यात शेवटी मजकूर उघडायचा. मजकूर उघडताना दर वेळी थोडी लाज वाटते, कारण ‘हा शब्द तर मला येत होता’ असं दहांतल्या आठ शब्दांबद्दल होतं. ते होऊ द्यायचं, कान तिथेच तयार होतो. आर.एफ.आय. या फ्रेंच रेडिओचं ‘जुर्नाल आँ फ्राँसे फासील’ नावाचं सोप्या भाषेतलं दहा मिनिटांचं बातमीपत्र आहे, त्याचा मजकूरही मिळतो. मी त्यातलं एक मिनिटच घ्यायची. दहाच्या दहा घेतली की आठवड्यात सुटतं.

(उच्चार देवनागरीत लिहून ठेवायची सवय असेल तर ती सोडा. इथे माझा नाइलाज आहे. आपल्याकडे त्यांच्या निम्म्या स्वरांना अक्षरच नाही, त्यामुळे वहीत जे लिहाल तेच चुकीचं पाठ होईल.)

आता स्वरांबद्दल, कारण माझी फजिती तिथेच झाली. फ्रेंचमध्ये एक ‘ऊ’ आपल्यासारखा आहे आणि दुसरा, ज्याला मी इथे ‘यू’ लिहितेय, तो आपल्याकडे नाही. ‘दसू’ म्हणजे खाली आणि ‘दस्यू’ म्हणजे वर. एका बैठकीत मी तीनदा सांगितलं की सही मजकुराच्या वर करायची आहे, आणि तिन्ही वेळा माझ्या तोंडून ‘खाली’ गेलं. सगळ्यांनी निमूटपणे खाली सह्या केल्या. कागद परत पाठवावे लागले. हा स्वर काढायची युक्ती सोपी आहे: ‘ई’ म्हणा, जीभ आहे तिथेच ठेवा, आणि फक्त ओठांचा चंबू करा. आरशासमोर करा आणि एकटे असताना करा.

नाकातल्या स्वरांत मराठी माणसाची वेगळी गंमत होते. आपला अनुस्वार पुढच्या व्यंजनाला चिकटून न्, म् किंवा ङ् होतो, त्यामुळे आपण ‘बों’ म्हणायला जातो आणि ‘बोन’ नाहीतर ‘बोंग’ होऊन बाहेर पडतं. शेवटी जीभ कुठेच टेकता कामा नये, आणि ओठही मिटता कामा नयेत. ‘वँ’ म्हणजे वाईन, ‘वाँ’ म्हणजे वारा, ‘वों’ म्हणजे ते जातात. हे तीन शब्द वेगळे ऐकू येईपर्यंत मला चार महिने लागले. बोलता त्यानंतर आले.

घशातल्या ‘र’ची मात्र सगळे उगाच धास्ती घेतात. गुळणी करताना घशात जिथे घरघर होते तिथला तो आवाज, ख आणि ग यांच्या आसपासचा. जमला तर उत्तम. आपला जिभेचा ‘र’ काढलात तरी प्रत्येकाला कळतं. तो वेळ ‘यू’ला द्या.

आणि काही गोष्टी आपल्याला फुकट मिळाल्यात. फ्रेंच त आणि द दातांना लागूनच असतात, आपल्यासारखे. प, त, क मध्ये हकार मिसळत नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांना हे मुद्दाम शिकावं लागतं, आपल्याला फक्त इंग्रजीतला ट मध्ये घुसू द्यायचा नाही. तू आणि तुम्ही यातला फरक समजावून घ्यावा लागत नाही. अरे-तुरे करण्याला त्यांच्याकडेही स्वतंत्र क्रियापद आहे. टेबलाला लिंग का असतं, हा प्रश्न तीन लिंगांत वाढलेल्या माणसाला पडत नाही. फक्त नाम कधी एकटं पाठ करू नका, त्याच्याआधी लागणाऱ्या ‘ल’ (पुल्लिंगी) किंवा ‘ला’ (स्त्रीलिंगी) यासकट एकाच शब्दासारखं करा. ‘सियों’नं संपणारे शब्द जवळजवळ सगळे स्त्रीलिंगी, ‘माँ’नं संपणारे बहुतेक पुल्लिंगी, एवढ्यावर बरंच निभावतं.

‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणताना आपण क्रियापद चिठ्ठीप्रमाणे बदलतो ना? कर्म आधी आलं की फ्रेंचमध्येही तसंच होतं: शब्द पुल्लिंगी म्हणून ‘ल मो क जे एक्री’, पत्र स्त्रीलिंगी म्हणून ‘ला लेत्र क जे एक्रीत’. परीक्षेत यावर लोक रडकुंडीला येतात. बोलताना हा फरक बहुतेक क्रियापदांत ऐकूच येत नाही, त्यामुळे सध्या दुर्लक्ष केलंत तरी चालेल.

शब्दांची जोडणी हा मात्र ऐकण्यातला मोठा अडथळा आहे. ‘ले’ आणि ‘आमी’ मिळून ‘ले झामी’, म्हणजे मित्रमंडळी. नवा माणूस ‘झामी’ हा शब्द शोधत बसतो. ही त्यांची संधी समजा, जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ होतो तशी. अपवादही आहेत: ‘ले एरो’ म्हणजे नायक, ते जोडून ‘ले झेरो’ म्हणालात तर नायकांची शून्यं होतात.

आकड्यांवरून फ्रेंचची पुष्कळ चेष्टा होते. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-नऊ. खरा त्रास फोन नंबर घेताना होतो, कारण फ्रान्समधला दहा आकडी नंबर दोन-दोनच्या जोड्यांत सांगतात. ‘स्वासाँत’ (साठ) ऐकलं की हात सहा लिहून मोकळा होतो, आणि मग ‘कँझ’ (पंधरा) येतं, म्हणजे पंचाहत्तर. उपाय एकच, जोडी संपेपर्यंत पेन टेकवायचं नाही. आपणही ‘पंच्या’ ऐकून थांबतोच, पुढे ऐंशी येतंय की ण्णव ते कळेपर्यंत. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तरला ‘सेप्ताँत’ आणि नव्वदला ‘नोनाँत’ म्हणतात. तिथल्या माणसांशी बोलताना मला अजूनही हायसं वाटतं.

तोंड न उघडण्याबद्दल. लहान मूल चुकीचं बोलतं तेव्हा त्याच्याकडे लपवण्यासारखं काही नसतं. आपल्याकडे पंधरा-वीस वर्षांचा अनुभव, हुद्दा, मराठीत मुद्देसूद बोलायची सवय असते, आणि फ्रेंचमध्ये आपण अचानक पाच वर्षांचे होतो. यावर मनाला समजावून काही होत नाही, मी पुष्कळ समजावलं. उपयोग झाला तो वेळकाढू शब्दांचा. अडलं की ‘अं’ करायच्या ऐवजी ‘बँ’, ‘आँ फेत’ (खरं तर), ‘द्यू कू’ (मग काय), ‘कोमाँ दीर’ (कसं सांगू). वस्तूचं नाव आठवलं नाही की ‘त्र्यूक’, आपलं ‘ते हे’. या चार-पाच शब्दांनी गप्प बसण्याची जागा भरते आणि समोरचा थांबतो. सुरुवातीला ‘बोंजूर’ म्हणायला विसरू नका. दुकानात, लिफ्टमध्ये, कचेरीत, आधी बोंजूर आणि मग काम. ते न म्हणता थेट प्रश्न विचारला तर व्याकरण कितीही शुद्ध असो, उत्तर कोरडं मिळतं. आणि समोरचा माणूस सौजन्यानं इंग्रजीवर आला, तर रागवू नका आणि इंग्रजीवर जाऊही नका. आपलं फ्रेंच चालू ठेवा. दोन-तीन वाक्यांत बहुतेक जण परत येतात.

क्लासबद्दल विचारलंत. ज्या क्लासात तासातली वीस मिनिटं तरी तुमचं स्वतःचं तोंड हलतं तो लावा. पंधराजणांच्या वर्गात तसं होत नाही, हे साधं गणित आहे. मला आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास एकाच माणसाशी बोलण्यानं जे मिळालं ते त्याआधीच्या दोन वर्षांत मिळालं नव्हतं. वेळेचा अंदाज हवा असेल तर, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था फ्रेंचसाठी ६०० ते ७५० वर्गतास धरते, तेही इंग्रजी भाषकांसाठी आणि दिवसभर तेवढंच करणाऱ्यांसाठी. रोज पाऊण तास दिलात तर अडीच वर्षांच्या आसपास. तुमचे काही तास आधीच झालेत.

परीक्षा हवी असेल तर द्या, डेल्फ या फ्रेंचच्या अधिकृत परीक्षेचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. फक्त गुणांची रचना बघून घ्या. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी २५ गुण, एकूण ५० मिळाले की पास, आणि कुठल्याही एका भागात किमान ५. म्हणजे बोलण्यात पंचविसांपैकी पाच मिळवूनही माणूस पास होऊ शकतो. मला बी-वन या मधल्या पातळीला तोंडीत १४ होते. शेपाचा फोन त्यानंतर तीन महिन्यांनी आला.